सौर वातातील आघात तरंग व आयनद्रायू संक्षोभ

सूर्यापासून सर्व दिशांना अखंडपणे वाहणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या प्रवाहाला सौर वात म्हणतात. या प्रवाहाच्या वाटेत एखादा ग्रह आला अथवा त्यातील मंद द्रव्याला मागून येणाऱ्या वेगवान द्रव्याने गाठले, तर तेथे आघात तरंग निर्माण होतो. म्हणजे एका अतिशय पातळ थरात प्रवाहाचा वेग एकदम घटतो आणि घनता, तापमान व चुंबकीय क्षेत्र ही एकदम वाढतात. स्वनातीत विमानापुढे हवेत असाच थर तयार होतो. हवेत मात्र हा बदल रेणूंच्या आपापसांतील टकरींनी घडून येतो. सौर वातातील कण एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. तरीही तेथे आघात तरंग असतात आणि ते पातळ व सुस्पष्ट असतात. टकरींचे काम तेथे विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे, त्यांतील तरंग आणि या तरंगांचा संक्षोभ यांच्याकडे जाते. हे काम यांपैकी कोण किती करते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

सौर वात मुख्यत्वे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचा बनलेला असून त्यात हीलियमाची अणुकेंद्रे अल्प प्रमाणात असतात. अशा विद्युत् भारित कणांच्या, परंतु एकंदरीत विद्युत् दृष्ट्या उदासीन असणाऱ्या द्रव्याला आयनद्रायू किंवा प्लाझ्मा म्हणतात [⟶ आयनद्रायू भौतिकी]. पृथ्वीच्या कक्षेजवळ सौर वाताचा वेग सामान्यतः सेकंदाला ३०० ते ८०० किमी. असतो. घनता दर घन सेंमी.मध्ये सुमारे ५ प्रोटॉन, तापमान सुमारे १ लाख के. आणि चुंबकीय क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला असते. पृष्ठभागाजवळील पृथ्वीच्या क्षेत्राच्या मानाने हे क्षेत्र काही हजार पटींनी क्षीण आहे. इतक्या विरळ द्रव्यात एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत कण सरासरीने जे अंतर कापतो, ते जवळजवळ सूर्य-पृथ्वी अंतराएवढे, म्हणजे सुमारे १५ कोटी किमी. भरते. हवेतील आघात तरंगाची जाडी रेणूच्या अशा काही सरासरी मुक्त पथांएवढी असते. हाच नियम सौर वाताला लावला, तर तेथील आघात तरंग ग्रहमालेच्या अंतर्भागाएवढा जाड व्हावयास हवा, म्हणजेच तो अस्तित्वातच नसावा. प्रत्यक्षात पृथ्वीपुढील आघाताचा सर्वांत तीव्र चढाचा भाग शंभर किमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी जाडीचा आढळतो. तर्काने येणारी आणि मोजलेली जाडी यांत सुमारे १५ लाख पटींचा फरक आहे.

इतिहास : अशा आघातांचा पहिला पुरावा अवकाशातून आला नाही, तर जमिनीवरील चुंबकीय वेधशाळांतून आला. सूर्यावरील मोठ्या उज्ज्वालेनंतर एक-दोन दिवसांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ होते, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी प्रखर उज्ज्वाला पाहिली आणि सुमारे साडेसतरा तासांनी जगभर वादळ सुरू झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत या वादळाची जी मापने घेतली गेली, त्यांत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे दिसते. निम्न अक्षांशावरील एवढी तपशीलवार नोंद दुसरीकडे उपलब्ध नसल्याने त्या वादळाच्या आधुनिक अभ्यासात कुलाब्याच्या आकड्यांना विशेष महत्त्व आले आहे. अंतर व वेळ यांवरून त्या आघाताचा सरासरी वेग सेकंदाला २,३०० किमी.पेक्षा अधिक येतो. पुढे मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी चुंबकीय मापनांचे कार्य अलिबाग येथे हलविण्यात आले व ते तेथे चालू आहे.

अनेक वादळांच्या आरंभी चुंबकीय क्षेत्र काही मिनिटांतच एकदम वाढते. या घटनेस आकस्मिक प्रारंभ म्हणतात. टॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये या साध्या गोष्टीतून मोठा निष्कर्ष काढला. सूर्यापासून निघालेल्या वायूच्या मेघातील कणांचे वेग कमीजास्त असल्याने इतक्या लांबच्या प्रवासात मेघाची पुढची कड पसरट व्हावयास हवी आणि तिला पृथ्वीवरून जाण्यास काही तास लागावयास हवेत. ती मिनिटांत जाते, त्या अर्थी कडेशी पातळ आघात तरंग असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी हे मत धाडसाचे होते, कारण टकरींवाचून आघात कसा संभवेल, याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळही नव्हते.

यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये सौर वाताचा सिद्धांत मांडला आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ या अवकाशयानाने सौर वात निःसंशयपणे प्रत्यक्ष मोजला. त्याच यानाने ७ ऑक्टोबर १९६२ रोजी ग्रहांमधील अवकाशात एक आघात तरंग नोंदला. त्याच वर्षी डब्ल्यू. आय. ॲक्सफर्ड आणि पी. जे. केलॉग यांनी स्वतंत्रपणे असे भाकीत केले की, पृथ्वीच्या चुंबकांबरापुढे सौर वातात एक स्थिर आघात असला पाहिजे. नदीच्या वेगवान प्रवाहात उभ्या असलेल्या होडीच्या नाळेपुढे पाणी चढते, तशी ही स्थिती आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या ‘आयएमपी-१’ या उपग्रहाच्या चुंबकत्वमापकाने हा धनुष्याकृती आघात शोधून काढला. सूर्याच्या दिशेस त्याचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर सामान्यतः ९० हजार किमी.च्या आसपास असते. सौर वाताच्या दाबानुसार ते कमीजास्त होते.

आयनद्रायूतील तरंग : हवेत ध्वनी हा एकच प्रकारचा तरंग महत्त्वाचा असतो. आयनद्रायूत दाबाखेरीज विद्युत् व चुंबकीय प्रेरणाही कार्य करीत असल्याने तरंगांचे पुष्कळ प्रकार संभवतात. हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये भाकीत केलेल्या तरंगांत चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारांप्रमाणे कंप पावतात. पृथ्वीच्या कक्षेजवळ त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५० किमी. असतो. सौर वाताचा वेग याच्या कित्येक पट असतो, म्हणूनच तेथे आघात उद्‌भवतात. प्रवाहाचा वेग व आल्फव्हेन तरंगांचा वेग यांच्या गुणोत्तरास आल्फव्हेन माख अंक म्हणतात. धनुष्याकृती आघाताच्या बाबतीत तो बहुधा ५ ते १० असतो. याहून अधिक कंप्रतेचे, बलरेषांभोवती इलेक्ट्रॉन ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने फिरणारे क्षेत्र असलेले ‘शीळ-तरंग’ आघाताच्या पुढे धावताना दिसतात. त्यांना हे नाव पृथ्वीच्या परिसरातील याच जातीच्या तरंगांमुळे रेडिओग्राहीत ऐकू येणाऱ्या शिळेसारख्या आवाजावरून मिळाले आहे. तिसरा महत्त्वाचा प्रकार आयन-ध्वनी तरंगांचा. यांत चुंबकीय क्षेत्र बदलत नाही. केवळ विद्युत् क्षेत्र प्रसाराच्या दिशेने मागेपुढे आंदोलित होते. त्यांची तरंगलांबी काही दशक मीटर ते काही शे मीटर इतकी अल्प असते. याशिवाय अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रॉनांची आंदोलने होत. त्यांची कंप्रता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते आणि पृथ्वीजवळच्या सौर वातात ती सुमारे २० किलोहर्ट्‌झ भरते.

टकरींची जागा कोण घेते : आघातात वाहत्या द्रव्याची सुव्यवस्थित गतिज ऊर्जा अव्यवस्थित अशा उष्णतेत रूपांतरित व्हावी लागते. सेकंदाला ४०० किमी. वेगाने येणाऱ्या प्रोटॉनाची ऊर्जा सुमारे ८०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते; तिची विल्हेवाट लावल्याशिवाय प्रवाह मंदावू शकत नाही. सोव्हिएट रशियातील रोआल्ड सागदेयेव्ह व इतरांनी १९६० च्या सुमारास सुचविलेले उत्तर असे : आघातात चुंबकीय क्षेत्र एकदम वाढते, याचा अर्थ त्या थरातून विद्युत् प्रवाह वाहतो. प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांची आयनांच्या सापेक्ष गती. ही सापेक्ष गती पुरेशी झाली की, आयनद्रायू अस्थिर होऊन त्यात आयन-ध्वनी तरंग आपोआप वाढू लागतात. या तरंगांच्या वेड्यावाकड्या विद्युत् क्षेत्रांतून जाताना इलेक्ट्रॉन अडखळतात. त्यामुळे जणू काही टकरी होत असल्यासारखा विद्युत् रोध उत्पन्न होतो. यास असामान्य रोध म्हणतात. मार्च १९६८ मध्ये सोडलेल्या ‘ओजीओ-५’ या उपग्रहाने धनुष्याकृती आघाताच्या आत विद्युत् क्षेत्राचा तीव्र संक्षोभ प्रत्यक्ष नोंदला, तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले.

तो तितका सोपा नव्हता. रोधामुळे मुख्यतः इलेक्ट्रॉन तापतात. प्रबळ आघातांमागे मात्र प्रोटॉनांचे तापमान इलेक्ट्रॉनांच्या सहा-सात पट आढळते, म्हणजे बहुतेक ऊर्जा आयनांकडे गेलेली असते. शिवाय सैद्धांतिक गणितानुसार माख अंक एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की, रोध कितीही असला तरी तो एकट्याने आघात सांभाळू शकत नाही. चुंबकीय क्षेत्र आघाताच्या पृष्ठभागाला समांतर असताना ही मर्यादा जास्तीत जास्त २·७ च्या आसपास असते. धनुष्याकृती आघात जवळजवळ नेहमीच या मर्यादेपलीकडचा असतो.

या कोंडीतून मार्ग ऑक्टोबर १९७७ मध्ये एकाच वेळी सोडलेल्या ‘आयएसईई-१’ व ‘आयएसईई-२’ या उपग्रहांच्या जोडीने दाखविला. प्रबळ आघातात येणाऱ्या आयनांपैकी काही, पुष्कळदा एक-पंचमांश, आघाताच्या विद्युत् वर्चस् व चुंबकीय क्षेत्र यांच्या चढावरून परत फिरतात. चुंबकीय क्षेत्रामुळे ते फार दूर जाऊ शकत नाहीत. अर्धेअधिक वर्तुळ घेऊन, वाटेत सौर वाताच्या विद्युत् क्षेत्राकडून ऊर्जा मिळवून, ते पुन्हा आघाताकडे येतात व या खेपेस पार होतात. अशा रीतीने आघातामागे दोन निरनिराळ्या वेगांचे आयन एकत्र येतात. एकूण ऊर्जेच्या हिशेबात ही उष्णताच होय. तथापि हे मिश्रण खऱ्या अर्थाने एकजीव झालेले नसते. हे दोन समूह एकमेकांत विरघळविण्याचे काम पुन्हा तरंगच करतात. आयनांच्या या असंतुलित स्थितीतून आघातामागे आयनांच्या परिभ्रमणाशी निगडित असे मंद चुंबकीय तरंग वाढतात आणि त्यांत विखुरले जाऊन आयन हजारो किमी. अंतरात हळूहळू सम स्थितीस येतात. इलेक्ट्रॉनांना आघातातील स्थिर विद्युत् वर्चस्‌भेद प्रथम ऊर्जा देतो आणि उच्च कंप्रतेचे तरंग ती त्यांच्यात वाटतात. एकंदरीत, सुरुवातीस तरंगांवर सोपविलेली सर्व जबाबदारी त्यांच्याकडे राहिली नाही. पण ही प्रक्रिया अपरिवर्तनीय करण्याचे, म्हणजे झालेले मिश्रण पुन्हा वेगळे होऊ न देण्याचे, जे काम टकरी करतात ते येथे तरंगच करतात.

लंबप्राय व समांतरप्राय आघात : आघाताच्या पृष्ठभागावरील लंब आणि पुढील चुंबकीय क्षेत्र यांमधील कोन ४५° पेक्षा जास्त असेल तर आघातास लंबप्राय, कमी असेल तर समांतरप्राय म्हणतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. लंबप्राय आघात यानाच्या नोंदीत एखाद्या कड्यासारखा उभा दिसतो : प्रथम परत फिरलेल्या आयनांनी घडविलेला पायथा, मग तीव्र चढ आणि त्यानंतर क्षेत्र अंतिम मूल्याच्याही वर जाऊन खाली येते तो उंचवटा. समांतरप्राय आघातात असा कडा शोधावा लागतो. तेथे परत फिरलेले आयन बलरेषांच्या बाजूने सूर्याकडे निसटून जाऊ शकतात, आणि त्यामुळे आघाताच्या पुढे लाखो किमी.पर्यंत तरंगांनी खवळलेला असा आघातपूर्व प्रदेश निर्माण होतो. सूर्याच्या परिवलनामुळे चुंबकीय क्षेत्र सर्पिलाकार झालेले असल्याने पृथ्वीच्या सकाळच्या बाजूस हा प्रदेश बहुधा आढळतो.

निसटणाऱ्या आयनांच्या झोतामुळे तेथे सुमारे ३० सेकंद आवर्तकालाचे चुंबकीय तरंग वाढतात. ते स्वतः सूर्याकडे जाऊ पाहतात. परंतु सौर वात त्यांच्याहून वेगवान असल्याने त्यांना मागे आघाताकडे ओढून नेतो. वाटेत त्यांचा परमप्रसर वाढत जातो, पुढची कड उभी होत जाते आणि अखेरीस मूळ क्षेत्राच्या कित्येक पट तीव्र अशा स्पंदांत त्यांचे रूपांतर होते. समांतरप्राय आघात म्हणजे एकापाठोपाठ येऊन साचणाऱ्या अशा स्पंदांची रासच होय. आघात संक्षोभ निर्माण करतो, असे सामान्यतः म्हटले जाते. येथे संक्षोभच आघात घडवितो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

सौर वातात आघाताशिवायही संक्षोभ असतोच. जे. डब्ल्यू. बेल्चर व एल. डेव्हिस यांनी १९७१ मध्ये ‘मरिनर-५’ च्या नोंदींवरून सूर्यापासून बाहेर जाणारे आल्फव्हेन तरंग वेगवान सौर वातात विपुल असल्याचे दाखविले. या चढउतारांची ऊर्जा कंप्रतेनुसार कशी वाटली जाते हे पाहिले असता, ए. एन. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये साध्या द्रायूंच्या संक्षोभासाठी काढलेल्या नियमाशी पुष्कळ जुळणारा उतार मिळतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी ऊर्जा उष्णतेत जाते, असे त्या नियमामागील चित्र आहे. सौर वात सूर्यापासून दूर जाताना अपेक्षेइतका थंड होत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. आघात या संक्षोभाला दाबून अधिक तीव्र करतो. त्यामुळे आघातामागील संक्षोभ कितपत नवा आणि कितपत पुढूनच आलेला, हे ठरविणे कठीण जाते.

रेडिओ प्रारण : आघाताने पुढे फेकलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे लँगम्यूर आंदोलने निर्माण होतात आणि त्यांच्या ऊर्जेचा काही भाग रेडिओ तरंगांत बदलतो. जे. पी. वाइल्ड व एल. एल. मॅक्रेडी यांनी ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये वर्णिलेले दुसऱ्या प्रकारचे सौर रेडिओ स्फोट असेच उद्‌भवतात. आघात सूर्याच्या किरीटातून वर जातो तसतसा तो विरळ भागात शिरतो, म्हणून प्रारणाची कंप्रता हळूहळू उतरते. पुष्कळदा एकाच वेळी दोन पट्ट दिसतात आणि त्यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर सुमारे एकास दोन असते. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील रेडिओ वेधशाळेत अशा स्फोटांचे निरीक्षण केले जाते. अशा स्फोटाच्या उगमस्थानातूनच एखादे यान जाण्याचा योग क्वचित येतो. तो १९९८ मध्ये ‘विंड’ या यानाला आला व त्याने आघाताच्या अगदी पुढे लँगम्यूर आंदोलने नोंदून ही कारणमीमांसा पक्की केली.

कणांचे प्रवेगन : आघाताच्या दोन्ही बाजूंस तरंग असले, तर एखादा कण त्यांच्यावरून परतून आघात पुनःपुन्हा ओलांडू शकतो. दोन्ही बाजूंचे तरंग एकमेकांकडे सरकत असल्याने प्रत्येक फेरीत त्याची ऊर्जा थोडी वाढते. परस्परांकडे येणाऱ्या दोन भिंतींमध्ये सापडलेल्या चेंडूसारखी त्याची गत होते. ही यंत्रणा १९७७ व १९७८ मध्ये चार स्वतंत्र संशोधन गटांनी जवळजवळ एकाच वेळी मांडली. विश्वकिरणांचा मोठा भाग अतिदीप्त नवताऱ्यांच्या अवशेषांतील आघातांत याच रीतीने निर्माण होतो, असे मानले जाते. तेथे यान पाठविता येत नाही. म्हणून सौर वातातील आघात ही या यंत्रणेची प्रत्यक्ष तपासणी करता येईल अशी एकमेव नैसर्गिक प्रयोगशाळा ठरते. या तपासणीतून असे दिसले की, वेगवान कण स्वतःला अडविणारे तरंग स्वतःच वाढवितात. या संशोधनाला व्यावहारिक बाजूही आहे : अशा आघातांत प्रवेगित झालेले प्रोटॉन कृत्रिम उपग्रहांतील इलेक्ट्रॉनीय मंडलांना आणि चुंबकांबराबाहेर जाणाऱ्या अंतराळवीरांना धोकादायक असतात.

निरीक्षणातील अडचणी : एकटे यान आघातातून जाते तेव्हा त्याला कालातील बदल व अवकाशातील बदल वेगळे ओळखता येत नाहीत. आघात स्वतः मागेपुढे हलत असतो आणि तो किती वेगाने हलतो, हे ठाऊक असल्याशिवाय नोंदीतील सेकंदांवरून जाडीचे किमी. काढता येत नाहीत. आयन-ध्वनी तरंगांची मोजलेली कंप्रता तर बरीचशी डॉप्लर परिणामाचीच असते. दोन यानांनी वेग मिळतो, चारांनी दिशाही मिळते. म्हणून २००० मध्ये ‘क्लस्टर’ मालिकेतील चार याने सोडण्यात आली. त्यांचे कार्य २०२४ पर्यंत चालले. मार्च २०१५ मध्ये सोडलेल्या ‘एमएमएस’ मालिकेतील चार याने परस्परांपासून काही किमी. अंतरापर्यंत जवळ आणता येतात. या मापनांवरून लंबप्राय आघातही गुळगुळीत नसून त्याच्या पृष्ठभागावर लहरी सरकत असतात, असे दिसले. तो पुष्कळदा विस्कटून पुन्हा उभा राहतो, असेही आढळले आहे. प्रयोगशाळेतील पुस्तकी आघाताची, काळानुसार न बदलणाऱ्या सपाट भिंतीची कल्पना येथे सोडून द्यावी लागते.

सूर्यापासूनच्या अंतरानुसार आघातांचे स्वरूप बदलते. शनीच्या कक्षेपाशी चुंबकीय क्षेत्र क्षीण झालेले असल्याने माख अंक वाढतो. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘कॅसिनी’ यानाने तेथे सुमारे १०० माख अंकाचा आघात नोंदला. तो नवताऱ्यांच्या अवशेषांतील आघातांच्या तोडीचा होता आणि त्यात इलेक्ट्रॉनही प्रवेगित झालेले आढळले. सौर वात आंतरतारकीय द्रव्याच्या दाबापुढे थबकतो तेथील अंतिम आघात ‘व्हॉयेजर-१’ ने १६ डिसेंबर २००४ रोजी सूर्यापासून ९४ ज्योतिषशास्त्रीय एकक अंतरावर ओलांडला. परंतु त्याचे आयनद्रायू मोजणारे उपकरण १९८० पासून निकामी होते. ‘व्हॉयेजर-२’ चे उपकरण चालू होते. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस सुमारे ८४ एककांवर त्याला हा आघात अनेकदा ओलांडावा लागला, कारण आघातच मागेपुढे होत होता. तेथे सौर वाताचे मूळ प्रोटॉन अपेक्षेपेक्षा फारच कमी तापलेले आढळले. बहुतांश ऊर्जा बाहेरून आत आलेल्या व मार्गात आयनीभूत झालेल्या आंतरतारकीय अणूंनी घेतली होती.

सूर्याच्या निकट असलेल्या आघातांचा अभ्यास ऑगस्ट २०१८ मध्ये सोडलेल्या ‘पार्कर’ यानाने सुरू केला. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किमी.वर पोहोचले. तत्पूर्वी ५ सप्टेंबर २०२२ रोजी किरीटातून बाहेर पडलेल्या द्रव्याचा एक प्रबळ आघात त्याच्यावरून गेला होता. भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेस १५ लाख किमी.वरील बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. सौर वातातील आयनांची व चुंबकीय क्षेत्राची मापने ते करते. मे २०२४ मधील मोठ्या चुंबकीय वादळाच्या वेळी त्याच्या उपकरणांनी सौर वातातील बदल नोंदले. सेकंदाला ६०० किमी. वेगाने येणारा आघात या बिंदूवरून पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारे ४० मिनिटे लागतात. पूर्वसूचनेसाठी उपलब्ध असणारा वेळ एवढाच होय.

दिलेला माख अंक व कोन यांवरून आघातामागील एकूण दाब बिनचूक सांगता येतो, कारण तो वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या नियमांनीच ठरतो. ती ऊर्जा इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, जड आयन व अतिवेगवान कण यांत कशी विभागली जाईल, हे मात्र ते नियम सांगत नाहीत. ते तरंगांच्या तपशिलावर अवलंबून असते आणि त्यासाठी सर्व आघातांना लागू पडणारे सूत्र अद्याप हाती आलेले नाही.